न पुरलेल्यांची पंगत

अवधूत देवस्थळीचं आयुष्याकडे आता फारसं मागणं उरलं नव्हतं. प्रमोशन नको, मोठी गाडी नको. रविवारी वरण-भात जेवून दुपारी दोन ते चार आडवं व्हायला मिळावं, बस. कार्डिफच्या एका हॉस्पिटलात कॉम्प्युटर बंद पडला की त्याला फोन यायचा. (पलीकडून 'मशीन मेलं' असं कळायचं आणि बहुतेक वेळा प्लग निघालेला असायचा.) चव्वेचाळिसाव्या वर्षी माणूस अशा नोकरीत दमतो. अवधूत तर पार थकून गेला होता.

जानेवारीत त्यानं आणि त्याच्या बायकोनं, चैत्रालीनं, एका टेरेस्ड हाउसमध्ये, म्हणजे भिंतीला भिंत लागलेल्या घरांच्या ओळीत, बिऱ्हाड हलवलं. पहिले दोन रविवार स्वर्गसुखाचे गेले. तिसऱ्या रविवारी दोनच्या ठोक्याला शेजारच्या भिंतीतून आवाज सुरू झाला. कोणीतरी खडीचा ट्रक रिकामा करतंय आणि खाली सापडलेला माणूस त्याबद्दल तक्रार करतोय, असं काहीसं ते संगीत होतं. त्रेचाळीस मिनिटांनी ते संपायचं आणि पुन्हा पहिल्यापासून लागायचं. असे पाच रविवार गेले. सोमवारी अवधूत ऑफिसात डोळे उघडे ठेवून झोपायला शिकला.

शेजारी एमलिन नावाचे सत्तरीचे निवृत्त पोस्टमन एकटेच राहायचे. माणूस इतका सज्जन, की अवधूत विसरला तर त्याचे कचऱ्याचे डबेही तेच बाहेर ठेवायचे. चैत्रालीनं फर्मान काढलं, जाऊन सांग. पण शेजाऱ्याकडे रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून तिनं चिवडा दिला, आणि घोटाळा झाला तो तिथेच. हातात चिवडा देऊन तक्रार करता येत नाही. एमलिननीच काळजीनं विचारलं, गाण्यांचा त्रास नाही ना होत? "छे, उलट आम्हाला फार आवडतात," अवधूत म्हणाला. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

एमलिनना जरा आश्चर्य वाटलेलं दिसलं, पण चेहरा उजळला. पुढच्या रविवारी आवाज दुप्पट झाला. सोमवारी ते स्वतः ती रेकॉर्ड घेऊन दारात हजर. आठवडाभर तुम्हीच ठेवा, म्हणाले. फ्लॉरिडाचा कुठलासा एक्स्ट्रीम मेटल बँड होता. बँडचं नाव वाळक्या मुळ्यांच्या जुडीसारखं लिहिलेलं, ते काही वाचता आलं नाही. अल्बमचं नाव मात्र सुवाच्य होतं, 'फीस्ट ऑफ द अनबरीड'. कव्हरवर सांगाडे ओळीनं जेवायला बसलेले, वाढपीही सांगाडाच.

"न पुरलेल्यांची पंगत," चैत्राली म्हणाली. "मीठ-लिंबू वाढायचं राहिलंय बघ."

घरात रेकॉर्ड प्लेयर नव्हताच. बुधवारी कुंपणावरून एमलिननी सगळ्यात चांगलं गाणं कोणतं वाटलं ते विचारलं. अवधूतनं अंदाजानं चौथं म्हणून ठोकून दिलं. तेही मान डोलावून चौथंच म्हणाले, आणि एवढा रसिक सापडल्यावर मध्ये भिंत कशाला, रविवारी रेकॉर्ड घेऊन इकडेच या, असं आमंत्रण देऊन गेले.

"आज clearly सांगून ये," चैत्राली रविवारी म्हणाली. "नाहीतर next month तुम्ही दोघं कॉन्सर्टला असाल, मी सांगते तुला."

अवधूत बोलायचं ठरवूनच गेला. एमलिननी त्याला खास आरामखुर्चीत बसवलं, चहा दिला, सुई टेकवली. पहिलं गाणं प्लेगवर होतं. दुसरं कशावर होतं ते त्याला कळलं नाही, कारण पोटातला वरण-भात आणि सहा आठवड्यांचा शीण एकदम डोळ्यांवर आला.

जाग आली तेव्हा साडेचार वाजले होते. खोलीत शांतता होती. समोर एमलिन गार झालेला चहा धरून बसले होते. अवधूतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, म्हणून त्यानं सगळं सांगून टाकलं. हे संगीत सोसत नाही, तो खोटं बोलला, त्याला फक्त रविवारची झोप हवी आहे.

एमलिननी सुटकेचा निःश्वास सोडला. "मलाही नाही सोसत," ते म्हणाले. "रेकॉर्ड माझ्या मुलीची आहे."

"मग लावता कशाला?"

एमलिननी हातातला कप खाली ठेवला. मग शक्य तितक्या सौम्य शब्दांत त्यांनी सांगितलं, की तुम्ही राहायला आलात आणि तुमचं घोरणं भिंतीतून यायला लागलं. पहिल्या रविवारी त्यांनी चर्चचा कॉयर लावून पाहिला, दुसऱ्या रविवारी ब्रास बँड. त्यावर मात करणारी घरात ही एकच रेकॉर्ड निघाली.

"भिंत मध्ये होती तोवर ही पुरत होती," एमलिन म्हणाले. "आज मात्र चौथ्या गाण्याला मी ती बंद केली. त्या बँडचं काही ऐकूच येईना."