ट्रक उताराला लागला

दह्याच्या पिशवीवर ठेवायला अनारकुलला एक जड दगड हवा होता. कुरणावर दगडांना तोटा नव्हता, पण जड, सपाट आणि हाताला बसेल असा एकच होता, आणि तो नवऱ्याच्या ट्रकच्या पुढच्या चाकाखाली होता. तिने वाकून ओढून पाहिला. निघेना, तेव्हा बुटाने दोन ठोकरा दिल्या. निघाला. ओढ्यावर नेऊन तिने तो धुतला, पिशवीवर ठेवला, पिशवीतून पाणी निथळू लागलं, आणि ती समाधानाने दुसऱ्या पिशवीकडे वळली. ट्रकचा हँडब्रेक सहा वर्षांपासून नुसता शोभेला आहे हे तिला ठाऊक होतं. पण ट्रक उद्या भंगारात जाणार होता. एवीतेवी जाणाऱ्या ट्रकला दगड कशाला, असा तिचा सरळ विचार.

केबिनमध्ये बेइशेन झोपला आहे, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं.

तो झोपायला म्हणून गेलाच नव्हता. आपल्या चार वस्तू काढून आणाव्यात म्हणून गेला होता. त्याच्या मुलाने, तिलेकने, राजधानी बिश्केकहून फोनवर सगळं ठरवून टाकलं होतं. "बाबा, आता पुरे झालं. जपानी जीप बघून ठेवलीय मी. चारही चाकं ओढतात, बसल्या जागी ऊब येते. जुनं धूड घेऊन जायला उद्या दुपारी माणूस येईल." बेइशेन "बरं" म्हणाला होता. मुलाने चांगल्या मनाने केलेल्या गोष्टीला दुसरं काय म्हणणार?

सीटखाली त्याला एक पाना सापडला, अर्धा पुडा चहा सापडला आणि अनारकुलचा एक लोकरी हातमोजा सापडला. हा हातमोजा हरवल्याबद्दल तिने एका हिवाळ्यात त्याच्या बहिणीवर संशय घेतला होता. मोजा हातात घेऊन तो जरा टेकला. तीस उन्हाळे या ट्रकने त्यांचा तंबू, चूल, सासूबाई आणि आजारी मेंढ्या वर आणल्या होत्या. तिलेकचा जन्मही खिंडीतल्या चढावर, याच सीटवर व्हायचा, तो थोडक्यात दवाखान्यात झाला. काचेतून ऊन येत होतं. जुन्या रेक्झिनचा आणि तेलाचा वास येत होता. बेइशेनने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि त्याचे डोळे मिटले.

दगड निघाल्यावर ट्रक लगेच हलला नाही. थोडा वेळ तो जागच्या जागी विचार केल्यासारखा उभा राहिला. मग डोंगरावरून वाऱ्याची एक झुळूक आली, आणि तो निघाला.

बेइशेनला स्वप्न पडलं की तो ट्रक चालवतोय. शेजारी पंचविशीतली अनारकुल बसली आहे आणि डोक्यावरचा रुमाल सोडून केसांना वारा देते आहे. गवत कमरेइतकं आहे, त्यात पिवळी फुलं आहेत, आणि ट्रक त्यावरून बोटीसारखा चालला आहे. आवाज नाही, धूर नाही, स्प्रिंगांच्या पाट्यांची कुरकुर नाही. समोर मेंढ्यांचा कळप आला आणि मधोमध भांग पाडल्यासारखा दुभंगला. एक शिंगरू बराच वेळ बरोबरीने दौडलं, मग कंटाळून थांबलं. ढगाची सावली ट्रकच्या पुढे पुढे वाट दाखवत गेली. "काय मस्त चाललंय इंजिन," बेइशेन स्वप्नात म्हणाला, "लोक उगाच नावं ठेवतात." अनारकुल हसली. हे खरं तर त्याला खटकायला हवं होतं, कारण ट्रकच्या विषयावर ती तीस वर्षांत कधी हसली नव्हती.

पाण्याचा चुळुक चुळुक आवाज झाला, ट्रकचं नाक किंचित वर गेलं आणि सगळं थांबलं. नंतरही तो किती वेळ झोपला कोण जाणे. डोळे उघडले तेव्हा खिडकीशी एक बाई लाकडी वाडगा धरून उभी होती, आणि तिचे डोळे भरून आले होते.

"भाऊजी," ती म्हणाली, "आलात शेवटी."

ती सायरा होती, ओसमोनची बायको. समोरचा तंबू ओसमोनचा होता. आणि ओसमोनच्या दाराकडे बेइशेनने नऊ वर्षांत मान वळवूनही पाहिलं नव्हतं.

दोघं लहानपणापासूनचे मित्र. सोव्हिएत काळातली सामुदायिक शेती मोडली तेव्हा टोपीत दोन काड्या टाकून त्यांनी वाटणी केली होती. बेइशेनला ट्रक आला, ओसमोनला जुनी जीप. त्यावरून काही वाद झाला नाही. वाद झाला तो तिसऱ्या गिअरवरून. ओसमोन गवत वाहायला ट्रक घेऊन गेला आणि आणून लावला तेव्हा तिसरा गिअर लागेना. बेइशेन म्हणाला, तू मोडलास. ओसमोन म्हणाला, आधीच मोडलेला होता, तू माझ्या गळ्यात मारतोस. हे एका लग्नात, दीडशे माणसांसमोर, मटण वाढून झाल्यावर झालं. तेव्हापासून ट्रक दुसऱ्यावरून एकदम चौथ्यावर उडी मारत आला. नऊ वर्षं तो तसाच राहिला, कारण हा गिअरबॉक्स उघडून पुन्हा लावू शकणारा त्या डोंगरात एकच माणूस होता, आणि तो ओसमोन.

"घ्या," सायराने वाडगा पुढे केला. घोडीच्या दुधाचं ताजं कुमिस होतं. बेइशेनने ते घेतलं, कारण घेतलेलं असलं की काही बोलावं लागत नाही. पिता पिता त्याने आरशातून मागे पाहिलं. कुरणातून दोन सरळ रेघा थेट आपल्या तंबूकडे गेल्या होत्या, आणि तिथे एक मुंगीएवढी अनारकुल घोड्यावर खोगीर टाकत होती.

त्याला सगळं कळलं. सांगून टाकावं असंही त्याच्या मनात आलं. तेवढ्यात ओसमोन आला. त्याच्या एका हातात दुधाची बादली होती. त्याने ती खाली ठेवली, तंबूत गेला, आणि बाहेर आला तेव्हा डोक्यावर सणावारी घालायची पांढरी उंच टोपी होती.

"ये," तो म्हणाला. "आत ये."

आता त्या टोपीकडे बघून ब्रेकची गोष्ट कशी काढणार?

बेइशेन आत गेला. त्याला दारासमोरच्या मानाच्या जागेवर बसवलं. मेंढी आणली गेली, तिच्यासमोर तळवे पसरून प्रार्थना झाली, तेव्हा त्याने एकदा "अरे, कशाला" म्हणून पाहिलं. पण सायराने शेजारच्या तीन तंबूंत निरोप धाडला होता. लोक येऊ लागले. सगळ्यांत म्हातारे मामबेत आजोबा दोघांच्या आधाराने आले आणि बेइशेनचा हात हातात घेऊन बसले.

"नऊ वर्षं वाट बघितली पोरा. मरायच्या आधी बघायला मिळालं. बोल, कसं आलं तुझ्या मनात?"

बेइशेनने घसा साफ केला.

"खरं सांगू का आजोबा, मी काहीच केलं नाही," तो म्हणाला. "गाडीच निघाली."

तंबूत कोणीतरी सुस्कारा सोडला. मामबेत आजोबांनी डोळे पुसले. "ऐकलंत? याला म्हणतात मन."

"नाही, म्हणजे मी खरंच झोपेत होतो."

"आम्ही सगळेच झोपेत होतो रे," आजोबा म्हणाले, आणि आता कोपऱ्यातल्या दोघी बायकाही रुमाल डोळ्यांना लावू लागल्या. बेइशेनने तिसऱ्यांदा प्रयत्न केला नाही. जसजसं खरं बोलावं तसतसे आपण मोठे ठरतोय, हे त्याच्या ध्यानात आलं होतं.

तेवढ्यात बाहेर घोडा थांबला आणि दाराचा जाड लोकरी नमदा बाजूला झाला. अनारकुलचे दोन्ही हात कोपरापर्यंत दह्याने पांढरे होते, रुमाल सुटून खांद्यावर आला होता, आणि गुडघ्यापर्यंत ती भिजलेली होती.

"अहो," ती धापा टाकत म्हणाली, "ट्रक रिकामा दिसला म्हणून केव्हाची तिकडे ओढ्यात तुम्हाला शोधतेय मी. खाली खडकापर्यंत जाऊन आले. आणि तुम्ही..." तिची नजर नवऱ्यावरून त्याच्या समोरच्या ताटावर गेली. ताटात मेंढीचं डोकं होतं. ते फक्त सर्वांत मानाच्या पाहुण्यापुढे ठेवतात.

बेइशेनने तिच्याकडे अशा विनवणीच्या डोळ्यांनी पाहिलं, की तिच्या आईकडे तिला मागणी घालायला गेला होता तेव्हाही त्याने तसं पाहिलं नसेल.

"ताई, खरं सांगा," सायराने तिचा ओला हात धरला. "यांना तुम्हीच पाठवलंत ना?"

अनारकुलने आपल्या दह्याच्या हाताकडे पाहिलं. तिला बहुधा तो धुतलेला दगड आठवला.

"हो," ती म्हणाली. "तसं बघितलं तर मीच पाठवलं." आणि ती बायकांत जाऊन बसली.

जेवण छान चाललं होतं. मग ओसमोन उठला आणि वाडगा हातात घेऊन म्हणाला, "सगळ्यांसमोर सांगतो. तो तिसरा गिअर मी मोडला होता."

"नाही नाही," बेइशेन म्हणाला. "तो आधीपासून सुटायचा. मीच तुला सांगितलं नव्हतं."

"सुटत असेल. पण मोडला मी. ओढ्यात, भरल्या गाडीत, क्लच न दाबता."

"तू कशाला मोडशील? तू मिस्त्री माणूस. माझाच मोडलेला होता."

"बेइशेन, मी मोडला म्हणतोय ना?"

"आणि मी म्हणतोय की नाही. गाडी कोणाची? मला जास्त माहीत की तुला?"

"म्हणजे मी खोटं बोलतोय? माझ्याच घरात?"

दोघांचे आवाज चढले. मामबेत आजोबांनी ताटावरचा हात मागे घेतला. नऊ वर्षांपूर्वी त्या लग्नात जे बसले होते त्यांनी घाईघाईने शेवटचे घास घेतले, कारण तेव्हा जेवण अर्धंच राहिलं होतं.

"अर्धा अर्धा मोडलात दोघांनी," अनारकुल कोपऱ्यातून म्हणाली. "आता रस्सा निवतोय."

दोघं खाली बसले. रस्सा खरंच निवत होता.

उन्हं कलायच्या आधी लोक उठले, पण घरी कोणी जाईना. पाहुण्याला निरोप द्यायला सगळे ट्रकभोवती कोंडाळं करून उभे राहिले. बेइशेन केबिनमध्ये चढला. ट्रक सुरू व्हायला पुढून हँडल मारावं लागतं, मारलं तरी तो आठवड्यातून एकदाच सुरू होतो, सुरू झाला तरी घराकडचा चढ त्याला झेपणार नाही, आणि चढता चढता मागे आला तर थांबणार नाही, हे सगळं माहीत असलेला माणूस जसा बसेल तसा तो बसला होता. मामबेत आजोबांनी आशीर्वादासाठी हातही वर केले.

"थांब," ओसमोन पुढे होऊन म्हणाला. "गाडी आज इथेच राहू दे. मला तिचं पोट उघडून बघायचंय. तू घोडा घेऊन जा."

"तू म्हणतोस तर राहू दे," बेइशेन म्हणाला, आणि इतक्या चटकन खाली उतरला की पायरी चुकली.

लोक पांगले. बायका भांड्यांशी गेल्या. दोघं मित्र ट्रकच्या मागच्या बाजूला, चाकाला टेकून बसले. चाकामागे एक जाडजूड ओंडका घट्ट बसवलेला होता. बेइशेनने तो आत्ताच पाहिला.

"हा कोणी लावला?"

"मी. नाहीतर उलटा ओढ्यात गेला असतास."

बेइशेनने ओंडक्यावरून हात फिरवला. समोर ढगांच्या सावल्या डोंगरावरून सरकत होत्या.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"तू घोरत होतास," ओसमोन म्हणाला. "मी घोडीचं दूध काढत होतो. आवाज आला म्हणून मागे बघितलं तर तू येतोयस. तोंड उघडं. मी ओंडका लावला आणि परत दूध काढायला गेलो. सायराला काही सांगितलं नाही."

"मग मेंढी कशाला कापलीस?"

"तोवर तिने पाणी चढवलं होतं." त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आणि मी पण दोनतीनदा तुझ्याकडे यायला निघालो होतो. पण माझी जीप तो चढ चढत नाही. आणि घोड्यावरून आलो असतो तर मुद्दाम आल्यासारखं दिसलं असतं."

बेइशेनने मान हलवली. त्याला ते अगदी पटलं. मग त्याने हळूच सांगितलं, "उद्या दुपारी भंगारवाला येणारे."

"कुठे येणारे?"

"माझ्याकडे."

"आणि गाडी कुठे आहे?"

बेइशेनने ट्रककडे पाहिलं. निळ्या केबिनवर उन्हाचा शेवटचा पट्टा पडला होता, आणि आत सीटवर लोकरी हातमोजा तसाच पडला होता. त्याला नऊ वर्षांत आला नव्हता असा श्वास आला.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला क्रेन घेऊन आला. त्याला गवतात एक कोरडा चौकोन दिसला आणि दारात बसून चहा पिणारा बेइशेन दिसला. "गाडी कुठंय?" त्याने विचारलं. "गेली," बेइशेन म्हणाला, आणि त्यालाही चहा दिला. तो माणूस चहा पिऊन, थोडं कुरुत, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे गोळे, बांधून घेऊन परत गेला. तिलेकचे मग चार फोन आले. डोंगरात सिग्नल नीट नसतो.

आठवड्याने तिलेक स्वतः आला, पांढरीशुभ्र जपानी जीप घेऊन. आईने सांगितलं, बाबा ओसमोनकाकांकडे आहेत, रोज सकाळी जातात. जीप ओढ्यातून सहज पार झाली. ट्रकचं पुढचं तोंड उघडं होतं, खाली पसरलेल्या नमद्यावर दातेरी चक्रं आणि नट ओळीने मांडलेले होते, आणि ट्रकखालून बुटांच्या दोन जोड्या बाहेर आल्या होत्या. आत काहीतरी वाद चालला होता, पण हळू आवाजात, सुखाचा.

"बाबा," तिलेकने हाक मारली. "आणली बघा."

बेइशेन सरपटत बाहेर आला. हात पुसून त्याने जीपभोवती एक फेरी मारली. बॉनेटवरून हात फिरवला, खिडकीतून आत डोकावला. मग मागचं दार उघडून सीट आडवी केली आणि मोकळी झालेली जागा लांबीने आणि रुंदीने वितीवितीने मोजली.

"कशी वाटली?" तिलेकने विचारलं.

"चांगली आहे रे," बेइशेन खुशीत म्हणाला आणि ट्रककडे वळला. "ओसमोन, ये बाहेर. गिअरबॉक्स बसतोय हिच्यात. उद्या नवं चक्र कापून घ्यायला नारीन शहरात नेता येईल."