पंगतीतला सात नंबर

"साहेब, कॉम्प्युटरमध्ये या घोलपचा हात अख्ख्या डहाणूत कोणी धरणार नाही. दोन दिवस द्या!"

२०१७च्या पावसाळ्यात आमच्या मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनना मी हे छातीठोकपणे सांगितलं. जुना डेटा नव्या मशीनवर न्यायचा होता.

डेटा निमूट गेला. अडले ते व्ह्यू! व्ह्यू म्हणजे मशीनला शिकवून ठेवलेला प्रश्न. विचारला की ताजी यादी हजर. त्यातला एक 'पंगत'. नारळी पौर्णिमेला कोणता परगावचा खलाशी कोणत्या बोटमालकाकडे जेवणार, ते तो सांगायचा. आमच्या ऑफिसातल्या निर्मलाताईंनी रिटायर होण्याआधी लिहिलेला. आता टेबलांची, म्हणजे डेटाच्या तक्त्यांची, नावं बदलली, रकाने बदलले, आणि हा अजून जुन्याच पत्त्यावर हाका मारतोय!

मी सांगलीकडचा, एकटा. स्टेशनजवळ खोली, वर्षभर खानावळ. पण पौर्णिमेला दरवर्षी बोटमालक नारू तांडेलांच्या घरी जेवायला. कुणीतरी "अजून घ्या" म्हणतंय, असं माझं वर्षातलं तेवढं एकच जेवण.

टेबलाचं नाव सुधारलं, यादी काढून मालकांना चिठ्ठ्या वाटल्या. तासाभरात बोटमालकीण मालूबाई दारात!

"भाऊ, त्रेचाळीस माणसं? माझ्याकडं पातेली तीन!"

बोटीचा रकाना चुकला होता, सगळे खलाशी तिच्याकडेच. तो सुधारला, तर प्रत्येक खलाशी दोन-दोन घरी! खलाशी खूश, मालकिणी माझ्या नावानं शिमगा करायला लागल्या. शेवटी अडली अगदी खालची ओळ: 'शिवाय कर्मचारी क्रमांक सात, नारूच्या घरी.' नव्या मशीननं सगळ्यांना नवे क्रमांक दिलेले, जुना सात कुठेच सापडेना.

"कोण हा फुकट्या?" म्हणत मी ओळच उडवली. यादी कशी बिनचूक आली!

पौर्णिमेला नवा शर्ट घालून खोलीत बसलो. दरवर्षी चिठ्ठी बघून नारूभाऊ स्वतः बोलवायला येतात. बारा वाजले. एक वाजला. दोनला मीच निघालो आणि त्यांच्या दारापासून दहा पावलांवर थांबलो. आत हसणं, ताटांचा आवाज, नारळीभाताचा वास! पण न बोलावता जायचं कसं? खोलीवर येऊन बिस्किटं खाल्ली. फार एकटं वाटलं हो, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी नारूभाऊ ऑफिसात आले ते तोंड फुगवूनच.

"आमचं जेवण कडू लागलं काय, घोलपभाऊ?"

"मला कोणी बोलावलंच नाही!"

"बोलावणार कसं? यादी तुम्हीच काढता, नि त्यात तुमचंच नाव नाय! बायकोनं तुमचं पान चार वाजेपर्यंत मांडून ठेवलं होतं."

मी घाईघाईनं जुनी फाइल उघडली. कर्मचारी क्रमांक सात: घोलप! स्वतःचा नंबर मी कधी बघितलाच नव्हता.

निर्मलाताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अहो, तुमची पहिली पौर्णिमा! ऑफिसात एकटेच बिस्किटं खात बसला होतात. मला बघवेना. घातली एक ओळ."

फोन ठेवला, नव्या क्रमांकानं ती ओळ परत लिहिली आणि यादी काढली. सगळ्यात खाली घोलप, नारूच्या घरी. पहिल्या फटक्यात, एकही चूक नाही!

मग मशीनवर पुढच्या वर्षीचं कॅलेंडर काढून नारळी पौर्णिमा शोधली. मध्ये मेला अधिक महिना! बारा नव्हे, तेरा महिने थांबायचं होतं.