मिल रोडवरची रांग

बर्निस शुल्झला टेलिफोनच्या खांबावर चढायचं होतं. वय सेहेचाळीस, दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या, आणि बावीस वर्षांच्या संसारात ती शिडीवर चढली असेल तर पडदे काढायला. पण बायकांनी सगळीकडे मोर्चे काढून झाल्यावर त्या वर्षी टेलिफोन कंपनीने तारा ओढायच्या कामासाठी बायकांचेही अर्ज मागवले. बर्निसने कुणाला न सांगता अर्ज केला आणि मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा ते नवऱ्याच्या नाश्त्याच्या बशीखाली ठेवून दिलं.

नॉर्बर्टने पत्र दोनदा वाचलं. तो पोस्टात तिकिटं विकायचा. खांबांशी त्याचं काही वाकडं नव्हतं, फक्त त्यांच्या टोकाला आपली बायको असावी असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"बुधवारी एक वाजता," बर्निस म्हणाली. "ट्रेंटनला. बस तिकडे जात नाही, गाडी लागेल."

"गाडीत पेट्रोल नाही."

"म्हणून तर तू बुधवारी रजा घेतोयस."

१९७४चा फेब्रुवारी होता. अरबांनी तेल अडवून धरलं होतं आणि न्यू जर्सीत सम तारखेला सम नंबरच्या गाड्यांना, विषम तारखेला विषम नंबरच्या गाड्यांना पेट्रोल मिळत होतं, म्हणजे मिळालं तर. राष्ट्राध्यक्षांच्या टेपमधली साडेअठरा मिनिटं कुणी पुसली यावर रेडिओ दिवसभर घसा कोरडा करत होता. रांगेतल्या माणसाला मात्र एवढंच कळून घ्यायचं असे, की पंपावर झेंडा हिरवा आहे की लाल.

बुधवारी वीस तारीख होती आणि नॉर्बर्टच्या गाडीचा नंबर चारवर संपत होता. सबब सांगायला जागा नव्हती. तरी निघताना त्याच्या मनात आलंच, की पेट्रोल नाही मिळालं तर त्याचा दोष आपल्यावर येत नाही. तेल अरबांचं, बायको आपली. पण माणूस सरळ होता, त्यामुळे तो खरोखरच शोधायला निघाला.

पहिल्या पंपावर लाल झेंडा. दुसऱ्यावर 'फक्त नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी' अशी पाटी. तिसऱ्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. गारठा होता, बर्फमिश्रित पाऊस भुरभुरत होता, आणि वीज वाचवायला सरकारने घड्याळं पुढे ढकलल्यामुळे नऊ वाजले तरी उजाडल्यासारखं वाटत नव्हतं. सगळ्या गाड्यांचे दिवे चालू होते. पेट्रोलचा काटा तळाला टेकला, आणि तेवढ्यात मिल रोडवर त्याला रांग दिसली. दहा-बारा गाड्या चर्चच्या वळणापर्यंत गेल्या होत्या. त्या हिवाळ्यात रांग दिसली की आधी उभं राहायचं, कशाची ते मागाहून विचारायचं. नॉर्बर्ट उभा राहिला.

काळा ओव्हरकोट घातलेला एक माणूस गाड्यांच्या कडेने चालत आला आणि खिडकीशी वाकला.

"आमच्याबरोबरच ना?"

"अर्थात. सकाळपासून फिरतोय."

"जवळचे का?"

"अगदी जवळचा. दोन गल्ल्या सोडून."

माणसाने मान हलवली आणि गाडीच्या बॉनेटवर एक छोटा जांभळा झेंडा चिकटवला. "दिवे चालू ठेवा. मध्ये अंतर पडू देऊ नका."

"इंचभरही सोडणार नाही," नॉर्बर्ट मनापासून म्हणाला.

मागे एका प्लंबरची व्हॅन येऊन लागली, तिच्या मागे डोक्याला कर्लर लावलेली एक बाई, मग आणखी चार-पाच गाड्या. झेंडे संपेपर्यंत काळा कोट प्रत्येकाला एकेक देत गेला.

"हा जांभळा कसला?" प्लंबरने खिडकीतून डोकं काढून विचारलं.

"खात्रीचा," नॉर्बर्टने सांगितलं.

रांग हलली. चौकात लाल दिवा होता, पण पोलिसाने आडव्या गाड्या थांबवल्या आणि टोपी काढून छातीशी धरली. सरकारला एकदाची जाग आली, असं नॉर्बर्टला वाटलं. रांग एका बंद पंपावरून पुढे गेली. मग दुसऱ्यावरून. प्लंबरने हॉर्न वाजवून हाताने 'कुठे?' म्हणून विचारलं. नॉर्बर्टने त्याला धीर धरण्याची खूण केली. बहुधा थेट डेपोतच नेत असावेत. गाव संपलं, चढ लागला, आणि गाड्या एका लोखंडी फाटकातून आत शिरल्या. दोन्ही बाजूंना थडगी होती.

वळायला जागा नव्हती. पुढे गाड्या, मागे गाड्या. नॉर्बर्टच्या गाडीने दोनदा खोकल्यासारखं केलं आणि ताज्या खणलेल्या कबरीपासून वीस पावलांवर ती कायमची गप्प झाली.

तो उतरला तर काळा कोट समोर. "बरं झालं. शवपेटी धरायला सहावा माणूस कमी होता, आणि तुम्ही जवळचे."

नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत पितळी कडी त्याच्या हातात होती.

पाद्रीबाबांच्या बोलण्यातून त्याला समजलं, की पेटीत ओटिस पिकरेल आहेत आणि त्यांनी एकतीस वर्षं मिल रोडवरचा पेट्रोल पंप चालवला. त्यांची बायको एडना पुढे उभी होती, ठेंगणी, काळी टोपी घातलेली. शेजारी नणंद क्लारा. क्लाराची मान फाटकाकडे वळलेली होती आणि ओठ हलत होते. ती गाड्या मोजत होती.

"कुणी दोन शब्द बोलणार?" पाद्रीबाबांनी विचारलं.

कुणी बोलेना. काळ्या कोटाने नॉर्बर्टला कोपराने ढोसलं.

नॉर्बर्टने घसा साफ केला. आयुष्यात तो कधी चारचौघांत बोलला नव्हता, आणि खोटं तर त्याला एकट्यानेही जमत नसे. "एवढंच सांगतो," तो म्हणाला, "ओटिस असते तर आज मी इथे नसतो."

हे अक्षरशः खरं होतं. मागून प्लंबर गदगदल्या आवाजात म्हणाला, "मीही." कर्लरवाल्या बाईने नाक पुसलं.

सगळं आटोपल्यावर एडनाबाई मंडळींकडे वळल्या. "शनिवारी टँकर टाकी भरून गेला आणि रविवारी हे गेले," त्या म्हणाल्या. "पेट्रोल तसंच पडलंय. एवढ्या लांब आलात, तुम्हाला रिकामं कसं पाठवू? पंपावर चला."

कबरींना वळसा घालून गाड्या आल्या वाटेने परत निघाल्या, पण जाताना कुणीच मध्ये अंतर पडू दिलं नाही. नॉर्बर्टची गाडी शववाहिकेला दोरीने बांधली होती, त्यामुळे तो सगळ्यांच्या पुढे पोचला. अख्ख्या हिवाळ्यात त्याचा पहिल्यांदाच पहिला नंबर लागला होता. साडेबारा वाजले होते. त्याने पंपाच्या ऑफिसातून घरी फोन लावला.

"बर्निस, मी पंपावर आहे. पाच मिनिटांत निघतो."

"नको. कोट घालतेय मी. कोपऱ्यावर टेलिफोनवाल्यांचा ट्रक उभा होता, जाऊन विचारलं. ट्रेंटनलाच चाललेत. वाटेत एक खांबही दाखवणार आहेत."

"मी खरंच प्रयत्न केला गं."

"कुठे?"

"कब्रस्तानात."

"संध्याकाळी सांग," बर्निस म्हणाली. "खुर्ची घेऊन बसून ऐकेन."

बाहेर एडनाबाई काळे हातमोजे घालून स्वतःच त्याच्या गाडीत पेट्रोल सोडत होत्या. त्याने धावत जाऊन नळी त्यांच्या हातातून घेतली.

"तुम्ही ओटिसला ओळखत नव्हता," त्या हळूच म्हणाल्या.

नॉर्बर्टचं तोंड उतरलं. "नाही."

"मागच्या सीटवर पेट्रोलचा रिकामा डबा आहे. मातीला येताना कुणी डबा आणत नाही."

"मग तिथेच का नाही बोललात?"

"क्लारा महिनाभर ऐकवत होती, सगळा गाव याला शिव्या घालतोय, मेला तर चार माणसं मिळायची नाहीत म्हणून. तिने आज एकोणीस गाड्या मोजल्या." एडनाबाईंनी टोपी नीट केली. "ती मोजत असताना मी कशाला मध्ये बोलू?"

गाडी भरली. घाई आता कशाचीच उरली नव्हती. नॉर्बर्टने ती बाजूला लावली आणि परत येऊन प्लंबरची व्हॅन भरली, मग कर्लरवाल्या बाईची गाडी. रांग पाहून रस्त्यावरच्या गाड्या येऊन लागत होत्याच. अडीच वाजता नळीतून नुसती हवा यायला लागली. एडनाबाईंनी आतून झेंड्याच्या काठीकडे बोट दाखवलं, तेव्हा नॉर्बर्टने लाल झेंडा वर चढवला.

पहिल्या गाडीतल्या माणसाने काच खाली केली. नॉर्बर्टच्या जन्माबद्दल, वाडवडिलांबद्दल आणि पेट्रोल दडवून ठेवणाऱ्या समस्त जातीबद्दल तो जे बोलला, ते सगळं त्याने एका दमात संपवलं आणि तो निघून गेला. नॉर्बर्ट झेंड्याची दोरी हातात धरून उभाच राहिला. मग आत आला. एडनाबाईंनी त्याच्यापुढे कॉफीचा कप सरकवला.

"किती जण बोलले?"

"एकच," नॉर्बर्ट म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

एडनाबाईंनी खिडकीतून वाकून पाहिलं. "अजून अकरा आहेत. प्रत्येकाला जाऊन संपलं म्हणून सांगावं लागतं. ओटिस सांगायचा."

नॉर्बर्टने कॉफीचा एक घोट घेतला, टोपी कानांवर ओढली आणि तो बाहेर गेला.