शहजादीची हाडं आणि दोन क्विंटल गहू

अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात पालीच्या हाडांची शास्त्रीय निगा राखणारी मी एकटीच असणार, अशी माझी खात्री होती. प्राणिशास्त्राची पदवी होती, नोंदवही होती आणि शेजारच्या रिझवाननं परगावी जाताना तीन आठवडे माझ्याकडे ठेवलेली ठिपक्यांची परदेशी पाल होती. तिचं नाव शहजादी.

"घरात फुकटच्या सात पाली हायेत," आई म्हणाली. "ही पाहुणी काहून?"

शहजादीचे मागचे पाय शिजलेल्या शेवयांसारखे लोळत होते. किड्यांत कॅल्शियम फार कमी, मग शरीर ते हाडांतून ओढून घेतं. महिन्याभरात पाय सावरले नाहीत, तर ती पुन्हा उभी राहणार नव्हती. उपाय सोपा होता : अळ्या कॅल्शियमच्या पावडरीत घोळवून द्यायच्या.

गावाबाहेर हळद उकडत होती. दुपारचा वारासुद्धा पिवळा वाटायचा. शहजादीच्या काचेच्या पेटीपाशी बसल्या बसल्या माझे डोळे मिटायचे आणि तिची हाडं दिसायची, आतून सावकाश चांदणं भरत चाललेली.

जागी झाले की वहीत लिहायचे : 'अळ्या मेलेल्या. बहुधा उन्हानं. खाणं शून्य, वजन वाढतंय.' जगात कुणी न पाहिलेलं काही तरी माझ्या हाती लागलं होतं.

विसाव्या दिवशी रिझवानचे वडील, महेबूबचाचा, लेकाची पाल बघायला आले. मी ऐटीत पावडरीवर लिंबू पिळलं. "बघा चाचा, कॅल्शियम असलं की फेस येतो."

फेस आला नाही.

"लिंबू जुनं असंल बेटा," चाचा समजुतीनं म्हणाले.

आईला प्लास्टिकची बरणी दिसली की ती आतलं सगळं एकसारख्या स्टीलच्या डब्यांत ओतते आणि बरणी धुऊन ठेवते. "आई, गव्हाला कोणती डबी लावलीस?"

"पांढरी पावडर व्हती ती. बोरिक. दरसाल लावते तीच."

मी आईनं दाखवलेल्या डबीत लिंबू पिळलं. फेस डबीबाहेर आला.

म्हणजे वीस दिवस मी शहजादीपुढे कीडनाशक वाढत होते. धावत पेटीपाशी गेले. झाकणाला बोटभर फट, पेटी रिकामी. चाचांनी पेटीत डोकावून पाहिलं. "रिझवानला काय सांगू आता?"

एवढ्यात गव्हाच्या कोठीकडून आईचा आवाज आला. "पुनम, गव्हाला ह्या साली कीड काहून लागली गं? अन् तुझी पाहुणी बी हितंच हाय."

कोठीच्या तोंडातली चिंधी सुटली होती. तिथून कॅल्शियम फासलेले गुबगुबीत सोंडकिडे रांगेनं बाहेर येत होते आणि समोर शहजादी उभी होती. चारही पायांवर, ताठ. एकेक किडा ती संथपणे उचलत होती.

चाचांनी तिथूनच लेकाला फोन लावला. रिझवान आनंदानं म्हणाला, "पुनमताई, औषधाचं प्रमाण लिहून पाठवा ना."

मी लिहिलं : 'पावडर एक डबी, गहू दोन क्विंटल. उपचार : आई.'