दोन विजयमाला सिस्टर

जानरावांना आयुष्यात एकच गोष्ट जमली नाही, ती म्हणजे ‘हे मले जमत नाही’ असं म्हणणं! शेतातली मोटर बंद पडली की मेकॅनिक यायच्या आधी ते स्वतःच ती खोलत. मेकॅनिकच्या वाट्याला मग मोटर नव्हे, मोटरीच्या अस्थी येत.

त्यांची बायको विजयमाला मंगरूळपीरच्या एका दवाखान्यात नर्स होती. नर्सला एकदा परीक्षा पास झालं की सुटका नसते. ठरावीक वर्षांनी नर्सिंग परिषदेकडची नोंदणी नवी करावी लागते, आणि त्यासाठी प्रशिक्षणाचे तास भरावे लागतात. तास नाहीत तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर ड्युटी नाही! विजयमालाची मुदत संपत आली होती आणि तिचं उरलेलं प्रशिक्षण त्या सकाळी मोबाइलवर होतं. जानरावांच्या मोबाइलचा पडदा मोठा, म्हणून तिनं तोच पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. नाव टाकलं, नोंदणी नंबर टाकला, आणि तिचा स्वतःचा फोन वाजला. दवाखान्यात बाळंतपणाची केस अडली होती, दुसरी सिस्टर अजून रस्त्यातच होती.

“मॅडमले तेवढा मेसेज टाका,” चपला घालता घालता ती म्हणाली, “का मी दवाखान्यात गेलो, उशिरा येतो. बाकी कायलेच हात लावू नका!”

“तू बिनधास्त जाय. मोबाइल म्हंजे आपल्या डाव्या हातचा मळ!”

ती गेली. जानरावांनी मेसेज लिहायला घेतला आणि बोट थांबलं. उशीर झाला तर तास कापतील. तास कापले तर विजूची नोंदणी अटकन! आणि इथं तर तिचं नाव दिसूनच राह्यलं, कॅमेरा बंद हाय. नुसतं बसून तर राह्यचं! सोसायटीच्या मीटिंगीत आपण इतकी वर्षं दुसरं काय केलं?

त्यांनी शेंगदाण्याची वाटी घेतली आणि बायकोच्या जागी ऐसपैस बसले.

शिकवणाऱ्या योगिनी मॅडम कडक होत्या, पण त्यांचा आवाज गोड होता. जानरावांना त्या आवाजानं डुलकी लागणार, तोच त्या म्हणाल्या, “विजयमाला सिस्टर, तुम्हाला लेबर रूमचा मोठा अनुभव. बाळाच्या पहिल्या दुधाबद्दल नव्या मुलींना सांगा बरं!”

शेंगदाणा घशात अडकला. जानरावांनी घाईघाईनं दुपट्टा डोक्यावरून घेऊन तोंडावर धरला आणि आवाज बारीक केला. वंगण नसलेल्या बंडीच्या चाकाला बासरी व्हायची हौस आली, तर जसा आवाज निघेल तसा तो निघाला.

“मॅडम, घसा बसला हाय.”

“थोडक्यात सांगा.”

जानरावांनी डोळे मिटले. त्यांना समोर एकच बाळंतीण दिसली, गोठ्यातली म्हैस!

“पहिलं दूध म्हंजे चीक. तो बाळालेच पाजाचा. लोकं त्याचा खरवस करतात, ते चूक हाय!”

मग साऱ्या जिल्ह्यातल्या नर्सा खिदळल्या.

“वा!” मॅडमही हसल्या. “विनोदानं सांगितलं की लक्षात राहतं. पुढे?”

जानरावांची छाती फुगली. “बाळ उठून उभं राह्यलं का लगेच लावायचं.”

“उभं राहिलं की?”

“म्हंजे... आपण उभं धरायचं.”

“सिस्टर, बाळाला आडवं धरतात ना?”

“आडवंच! आमच्याकडं आडव्यालेच उभं म्हंतात.”

“बरं, आणि आई पाजायला तयार नसेल तर?”

“मांगचे पाय बांधायचे!”

या खेपेला कोणी हसलं नाही.

“सिस्टर,” मॅडमनी हळूच विचारलं, “तुम्हाला ताप तर नाही ना?”

“लय हाय मॅडम! डोक्यात चढला!”

एवढ्यावर शहाणा माणूस उठून गेला असता. पण बासरी वाजली या आनंदात जानराव बसूनच राहिले. मॅडमनी हात धुवायची पद्धत दाखवली आणि फर्मावलं, “आता प्रत्येकीनं कॅमेरा चालू करून तसं करून दाखवायचं. विजयमाला सिस्टर, तुमचा चेहरा नको, आराम करा. नुसते हात दाखवा.”

जानरावांनी कॅमेरा खाली वळवून चालू केला आणि हात चोळायला सुरुवात केली. नांगर, फावडं आणि ट्रॅक्टरचं स्टेअरिंग धरलेले ते हात! त्यावर केसांचं रान!

“हात फार राठ झालेत हो, सिस्टर.”

“धू-धू धुतो ना, मॅडम. साबणानं झाले.”

“आणि मनगटावर काय गोंदलंय? ‘विजयमाला’? स्वतःच्या हातावर स्वतःचंच नाव?”

जानरावांना घाम फुटला. लग्नाच्या वर्षी जत्रेत हौसेनं गोंदवलं होतं ते!

“ड्युटी लय असते,” ते बासरीतून म्हणाले. “इसरू नये म्हनून.”

इकडे शेजारच्या सुलतानबी कढीपत्ता मागायला दारात आल्या होत्या. सिस्टरला लगबगीनं दवाखान्यात जाताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि आता घरातून बाईचा आवाज! तोही नखऱ्याचा! सुलतानबी दबक्या पावलांनी मागे फिरल्या आणि त्यांनी विजयमालाला फोन लावला.

“भाभी, तुमारे घर में कोई बाई घुसेली है! भाऊ से बारीक आवाज में बात करून राह्यली!”

विजयमालाच्या हातचं बाळंतपण नुकतंच सुखरूप आटोपलं होतं. बाळ टाहो फोडत होतं. तिला काही उमगेना. “तुमी जाऊन पाहा,” एवढंच म्हणून तिनं आधी आपल्या फोनवर प्रशिक्षण लावलं. तास बुडत होते ना!

“मॅडम, मी विजयमाला. उशीर झाला, माफ करा.”

“तुम्ही विजयमाला?” योगिनी मॅडमनी चष्मा पुसला. “मग हे हात कोणाचे?”

विजयमालानं पडद्यावर पाहिलं. ते हात तिनं जन्मभर पाहिले होते. ती तोंड उघडणार तेवढ्यात मोबाइलमधून दार धाडकन उघडल्याचा आवाज आला.

“कहाँ है वो बाई?” सुलतानबी हातात खराटा घेऊन उभ्या होत्या. “निकल बाहर!”

“इथं कोनी बाई नाही!” जानराव ओरडले. पण घाबरून, त्याच बासरीत!

“या अल्ला! भाऊ के अंदर से बोल रही है!”

खराटा उचलला गेला, जानराव मागे सरले, पिठाचा डबा उलटला, मोबाइल वर वळला आणि तमाम नर्सांना दर्शन घडलं: डोक्यावर दुपट्टा, तोंडावर पीठ, मधोमध झुपकेदार मिशा!

“मॅडम,” विजयमाला खोल गेलेल्या आवाजात म्हणाली, “तो माहा नवरा हाय.”

कोणी हसता हसता खुर्चीवरून पडलं म्हणे. योगिनी मॅडम मात्र हसल्या नाहीत.

“दुसऱ्यानं हजेरी लावणं म्हणजे काय, कळतं का? यात नोंदणी जाऊ शकते, सिस्टर.”

विजयमालाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून जानरावांची बासरी कायमची फुटली. दुपट्टा काढून ते आपल्या खऱ्या आवाजात म्हणाले, “मॅडम, तिचा काई दोष नाही. तिनं मले निस्ता मेसेज टाकाले सांगतलं होतं. तो बी मी टाकला नाही. जे काय कराचं ते मले करा, तिले नाही.”

विजयमालाच्या मागून नवं बाळ जोरात रडलं. मॅडमनी कान टवकारले.

“आत्ताच झालं?”

“हो मॅडम. मुलगी हाय. वजन चांगलं हाय.”

मॅडमचा चेहरा थोडा सैल झाला. “आजचे तास मिळणार नाहीत. येत्या रविवारी वाशिमला समोरासमोर वर्ग आहे, तिथे या. एकट्या या!”

विजयमाला गेली, दिवसभर बसली, तास भरले, नोंदणी झाली. आठवडाभर जानरावांनी घरात पाणीसुद्धा विचारून प्यायलं. त्यांना वाटलं, मिटलं!

पण पावसाळा सरता सरता इंझोरी गावाकडून येताना त्यांच्या पायात खिळा घुसला. बायकोच्या दवाखान्यात जायची हिंमत नव्हती, म्हणून ते वाटेतल्याच एका आरोग्य केंद्रात शिरले. धम्मदीपा नावाची तरुण सिस्टर धनुर्वाताचं इंजेक्शन भरत होती.

“नाव?”

“जानराव.”

“गाव?”

“मंगरूळपीर.”

तिचा हात थांबला. “विजयमाला सिस्टरचे मिस्टर?”

“हो! वळखता का तिले?” जानराव खुलले.

“तिलेच नाही, तुमालेबी वळखतो! आधी आमी कॅमेरा बंद करून पोळ्या लाटता लाटता शिकत होतो. आता सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोंड दाखवून बसा लागते, डोळाही मिटता येत नाही. तुमच्यापायी!” तिनं आत हाक मारली. “अवो बायांनो, या लवकर! कोन आलं पाहा!”

दारात सगळा स्टाफ गोळा झाला. जानरावांनी खाली मान घालून बाही वर केली.

धम्मदीपानं सुई टोचण्याआधी अगदी प्रेमानं सांगितलं, “हात ढिला सोडा, सिस्टर!”