आरशातलं डावं-उजवं

उदगिरात रेवणप्पांनी आजवर शेकडो लग्नं जुळवली होती, पण सर्व्हरसाठी एक रेड कंट्रोलर, म्हणजे दोन डिस्क एकत्र सांभाळणारं कार्ड, निवडताना त्यांची झोप उडाली. समाजाच्या वधू-वर मंडळाची तीनशे बारा स्थळं एकाच डिस्कमध्ये, रविवारी लातूरला मेळावा, आणि नेमकी ती डिस्क कुरकुरायला लागलेली. ती गेली की अप्पांची अब्रूही गेली.

लातूरच्या दुकानदार सोमेशने दोन कार्डं दाखवली. स्थळ बघावं तशी अप्पांनी ती पंधरा दिवस बघितली.

"हे साधं कसंय? घराणं चांगलंय का?"

"अप्पा, बॅटरीवालं घ्या. पळतंय बी जोरात, आन् लाईट गेली तरी हातातलं काम इसरत न्हाई."

घरी अप्पांच्या पत्नी उमादेवींना उलगडा होईना. "दोन डिस्कांत तेच ते? कशाला?"

"एक मेली तर दुसरी हाय. ह्याला मिरर म्हणत्यात. आता ते स्थळांचे जुने कागदी फॉर्म रद्दीत देऊन टाक."

शनिवारी दुपारी सोमेशने कार्ड बसवलं, डावीकडे जुनी डिस्क आणि उजवीकडे कोरी लावली आणि तो लातूरच्या बसकडे पळाला. इकडे पडद्यावर प्रश्न उमटला : कुठल्या डिस्कवरून कॉपी करायची? अप्पांनी फोन लावला.

"डावी!" सोमेश बसमधून ओरडला आणि रेंज गेली.

अप्पा घुटमळले. मिरर म्हणजे आरसा. आरशात डावं ते उजवं, हे दाढी करणाऱ्या कुणालाही कळतं. त्यांनी उजवी निवडली.

कंट्रोलर खरंच गुणी निघाला. मध्ये दोनदा लाईट गेली, तरी काम न विसरता त्याने कोऱ्या डिस्कचा कोरेपणा जुन्या डिस्कवर इमानेइतबारे उतरवला.

अप्पांनी यादी उघडली, तर तीनशे बारांतलं एकही स्थळ नाही. ते स्वयंपाकघरात धावले. "अगं, बुडालो! तो रद्दीवाला कुठं राहतो?"

"त्याला कुणी दिलेत? डब्यांखाली फळ्यांवर अंथरलेत मी."

मग घरातले सगळे डबे खाली उतरले.

"हळदीखाली कोण हाय?"

"निलंग्याचा मृत्युंजय. तेल सांडलंय, पगार दिसंना."

"उंची दिसतीय का? बस झालं! चटणीच्या बरणीखाली?"

"जळकोटची मंजुश्री."

मेळाव्यात मृत्युंजयच्या आईने मंजुश्रीचा फॉर्म नाकाशी नेला. शेंगदाण्याच्या चटणीचा खमंग वास! "पोरगी सुगरण दिसती," म्हणत बाईंनी तिथंच बोलणी सुरू केली.

सोमवारी अप्पांची चुळबुळ पुन्हा सुरू झाली. "चार डिस्कवाला मोठा कंट्रोलर घ्यावा का?"

"घ्या की," उमादेवी फळी पुसत म्हणाल्या. "पण आधी नवे फॉर्म कागदावर भरून आणा. फळ्या उघड्या पडल्यात."