रुखवतातलं जातं

चैतालीच्या लग्नातलं रुखवत साऱ्या मावळात उठून दिसलं पाहिजे, असं तिच्या वडिलांनी, म्हणजे सुदुंबऱ्याच्या भिकाजीरावांनी ठरवलं आणि घरातली शांतता संपली. लाडू, करंज्या, विणलेली तोरणं सगळेच मांडतात. भिकाजीराव मोटरवर जातं फिरवणारी बाहुली मांडणार होते. तळेगावच्या कारखान्यात त्यांनी पंचवीस वर्षं पट्ट्यावर खोकी चढवली होती, त्यामुळे यंत्रातलं आपल्याला सगळं कळतं अशी त्यांची पक्की समजूत होती. चैताली तळेगावातच यंत्रं दुरुस्त करायची. पण ती पडली घरातली पोरगी, तिला कोण विचारतो?

पुण्याच्या दुकानदाराने विचारलं, "फेरे जास्त पाहिजेत की जोर?"

"जे जास्ती असंल ते द्या," भिकाजीराव म्हणाले.

मिनिटाला तीनशे फेऱ्यांची मोटर घरी आली. बाहुलीने एका दमात पावशेर रवा देवघरापर्यंत उडवला आणि स्वतःचा हात दारातल्या चपलांत फेकला.

"बाबा, जात्याला दहा फेरे बास. आणि मोटर लहानच आणा, बाहुली कापसाची आहे," चैताली म्हणाली.

भिकाजीरावांनी त्यातलं 'दहा' तेवढं ऐकलं. दहाच फेऱ्यांची, पण दुकानातली सगळ्यात दांडगी मोटर उचलून आणली. "आता बैल बांधला तरी वढील," असं ते आल्यागेल्याला सांगत सुटले.

चैतालीला काळजी वेगळीच होती. होणाऱ्या सासूबाई, तिकोणा पेठेच्या रतनबाई, बैठकीतच बोलून गेल्या होत्या, "लग्नानंतर नोकरीचं काय करायचं, ते आमी ठरवू." आणि चैतालीला नोकरी सोडायची नव्हती.

लग्नाच्या दिवशी कार्यालयात बाहुली अगदी संथपणे दळत होती. मुहूर्ताला दहा मिनिटं असताना रतनबाई रुखवत बघायला वाकल्या आणि पैठणीचा पदर जात्याच्या खुंट्यात अडकला. जातं थांबलं नाही. पदर गुंडाळत, कसलीही घाई न करता, त्याने विहीणबाईंना लाडवांच्या ताटाकडे ओढून न्यायला सुरुवात केली.

"अवो, बंद करा की ह्ये," रतनबाई म्हणाल्या.

भिकाजीरावांनी टेबलाखालच्या बॅटरीची वायर उपटली. मोटर थांबली, पण पदर सुटला नाही. रतनबाईंचं नाक लाडवाला टेकलं होतं, ते टेकलेलंच राहिलं.

"आता हातानं उलटं फिरवा," रतनबाई लाडवातूनच म्हणाल्या.

"त्ये न्हाई फिरायचं. आत गियर हायेत, लय दणकट." भिकाजीरावांच्या आवाजात अजूनही अभिमान होता.

कुणीतरी कात्री आणली. रतनबाईंनी वाकल्या वाकल्या अशी नजर टाकली की कात्री आल्या वाटेने परत गेली. तिकडे गुरुजी मुलाच्या आईला तिसऱ्यांदा बोलावत होते.

शेवटी मुंडावळ्या सावरत नवरीच टेबलाखाली शिरली. तिने बॅटरीच्या लाल आणि काळ्या वायरींची अदलाबदल करून त्या पुन्हा जोडल्या. मोटर उलटी फिरू लागली आणि धागाही न निसटता पदर हळूहळू मोकळा झाला.

रतनबाईंनी कंबर सरळ केली, नाकाला लागलेलं बेसन पुसलं. "ह्ये कुटं शिकलीस?"

"नोकरीत, आई."

तेवढ्यात भिकाजीराव जवळ आले. "मोटर मातर चांगली निघाली, विहीणबाई. पुढं तुमच्याकडं पाळना हलला, की त्यालाच बसवीन म्हन्तो. मी सोता येऊन."

रतनबाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग सुनेचा हात धरून मांडवाकडे चालता चालता हळूच म्हणाल्या, "नोकरी सोडू नगंस, बाई. ह्ये सारखं येनार."